पाचव्याचा जामीन

कमला नदीच्या काठी धरमौली नावाच्या गावात शुचिकर उपाध्यायांची पाठशाळा होती. अकरा विद्यार्थी, दोन गाई, एक तळं आणि सगळ्यांच्या पोटाची काळजी वाहणारी उपाध्यायांची बायको धीरा. गावचे जमीनदार ठाकूर यांनी लावून दिलेल्या शेतावर हा पसारा चालायचा. उपाध्याय अठ्ठावन्न वर्षांचे होते. पंचमहाभूतांबद्दल मिथिलेत कुणाचं काही अडलं, की लोक त्याला धरमौलीचा रस्ता दाखवत.

नव्या विद्यार्थ्याला ते पहिल्या दिवशी वाळलेलं ढेकूळ देत, त्यावर पाणी शिंपडायला लावत आणि म्हणत, "हुंग. हा वास पृथ्वीचा." मग पाण्याची चव, दिव्याचं रूप, पंख्याच्या वाऱ्याचा स्पर्श. "ही चार झाली. आता पाचवं दाखव."

विद्यार्थी हमखास वर बोट करायचा.

"ते निळं दिसतं ते आकाश नव्हे, गाढवा! आकाशाला रंग कुठला?" असं म्हणून ते त्याच्या तोंडासमोर फाडकन टाळी वाजवत. "ऐकलंस? हा शब्द मातीचा गुण नाही, पाण्याचा नाही, तेजाचा नाही, वाऱ्याचाही नाही. मग गुण काय बिनमालकाचा हिंडतो? ज्याचा तो गुण, ते आकाश. बाकीची चार भूतं आपापल्या पायांवर उभी आहेत. पाचव्याला जामीन एकच. कान."

अकरा वर्षं ते या आकाशावर पोथी लिहीत होते. त्या वर्षी माघात तिचं सहावं प्रकरण, कानाचं, लिहून झालं. ज्येष्ठ दशमीला ठाकुरांच्या आमराईत वाद ठरला होता. गंगेपलीकडच्या एका विहारातले भिक्षू येणार होते. त्यांचं म्हणणं, भूतं चारच. आकाश म्हणजे नुसतं काही नसणं. रिकाम्या मडक्यात जे असतं ते. उपाध्यायांना हे म्हणणं ऐकलं तरी ठसका लागायचा.

आणि त्याच सुमाराला पाठशाळेत काहीतरी शिजू लागलं.

पहिल्यांदा ते लक्षात आलं चैत्रात. रतिपती पाठ म्हणत होता. हा त्यांचा सगळ्यात जुना विद्यार्थी, सात वर्षं त्यांच्याकडे शिकणारा, आणि आवाज असा की तळ्यापलीकडच्या म्हशी माना वर करत. पण त्या दिवशी तो पुटपुटत होता.

"तोंडात मखाणे भरून म्हणतोस का रे?" उपाध्याय म्हणाले.

रतिपती गोंधळला. त्याने बाकीच्यांकडे पाहिलं, बाकीच्यांनी त्याच्याकडे. मग तो एकदम ओरडून म्हणू लागला.

"गुरूवर आवाज चढवतोस?"

रतिपतीने मान खाली घातली. त्याच्या शेजारी बसलेल्या होरिलचे ओठ हलले. काय म्हणाला ते उपाध्यायांना कळलं नाही, पण पुढचे दोघे हसले. उपाध्यायांनी पाठ तिथेच थांबवला.

त्यानंतर ते बघू लागले, आणि बघावं तितकं दिसत गेलं. पडवीत विद्यार्थी घोळका करून बसलेले, डोकी एकत्र, ओठ चाललेले, आवाज नाही. ते जवळ गेले की घोळका गप्प. जेवताना धीरा वाढता वाढता काही बोले, सगळे माना डोलावत, यांना एक शब्द कळत नसे. "काय म्हणालीस?" विचारलं तर म्हणे, "काही नाही, भात हवाय का विचारलं." भात हवाय का विचारायला अकरा जण एकमेकांकडे कशाला बघतील?

त्यांच्या संशयाला पक्की जागा मिळाली ती श्रीदामात.

श्रीदाम पूर्वेकडच्या गौड देशाचा. माघात आला. वय बत्तीस, घरी बायको, एक मुलगी. या वयात कुणी पाठशाळेत येतं का? कुणाचं शिफारसपत्र नाही. वडील काय करतात विचारलं, तर म्हणाला, "घरी असतात." काय शिकायचंय विचारलं, तर म्हणाला, "गुरुजी, मला सगळं नको. कानाचं प्रकरण तेवढं शिकवा."

उपाध्यायांनी त्याला ठेवून घेतलं, पण ती गोष्ट त्यांना खुपत राहिली. लोक धान्य मागायला येतात, हा एकच दाणा मागतो. म्हणजे त्या दाण्याशी याचं काहीतरी काम आहे. शिवाय श्रीदामची एक खोड होती. तो बोलताना समोर येऊन उभा राही, तोंडावर उजेड घेई आणि ओठ भलते ताणून ताणून हलवी. कधीकधी तर नुसतेच ओठ हलत, आवाज मुळीच नाही. मंत्र पुटपुटावा तसे.

एका दुपारी उपाध्याय तळ्यावरून आले तर श्रीदाम स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता आणि धीरा, डोक्यावर पदर घेतलेली, त्याच्यासारखेच ओठ ताणून काहीतरी म्हणत होती. मग दोघंही हसली. उपाध्यायांना पाहताच श्रीदाम बाजूला झाला.

"काय चाललं होतं?"

धीरा म्हणाली ते त्यांना 'मासा' असं काहीतरी वाटलं. त्या दिवशी मासा नव्हताच.

दुसऱ्या दिवसापासून ते पोथी बांधताना दोरीला स्वतःची गाठ मारू लागले. डावीकडून उजवीकडे, मग खालून वर. तिसऱ्या दिवशी गाठ उलटी होती. पुन्हा बांधली. पाच दिवसांनी पुन्हा उलटी.

आता संशय म्हणायला नको होतं. त्यांच्या भाषेत, विस्तवाचा पुरावा देणारा धूर दिसला होता. त्यांनी रतिपतीला गोठ्यामागे बोलावलं.

"त्या गौडावर नजर ठेव. कुठे जातो, कुणाला भेटतो. कुणाला कळता कामा नये."

रतिपतीला ते काम आवडलं नाही, पण त्याने चार दिवस नजर ठेवली आणि गोठ्यामागे येऊन सांगितलं. कुणी ऐकू नये म्हणून हळू आवाजात.

"गुरुजी, काही नाही. काल दुपारभर तो विचारात होता."

"विहारात?" उपाध्यायांचे डोळे मोठे झाले.

"हो, विचारात. एकटाच."

"किती वेळ?"

"गाई परत येईपर्यंत."

"वाटलंच होतं मला," उपाध्याय म्हणाले. "जा तू."

गंगेपलीकडचा तो विहार दोन दिवसांच्या वाटेवर होता. जेवून निघालेला माणूस तिथे जाऊन गाई परतायच्या आत येतो, असं अनुमान एखाद्या विद्यार्थ्याने मांडलं असतं, तर एरवी उपाध्यायांनी त्याची सालटी काढली असती. पण संशयाला पाय फुटले की अंतर मोजायला कोण बसतो?

वैशाख संपत आला होता. सकाळच्या पाठाला सगळे बसले असताना उपाध्यायांनी श्रीदामला उभं केलं.

"तू कुणाचा माणूस आहेस?"

श्रीदाम काहीतरी बोलला.

"ओठ हलवू नकोस, उत्तर दे! माझी पोथी कोण उघडतं? भिक्षूंनी तुला काय देऊ केलंय?"

श्रीदामने रतिपतीकडे पाहिलं. रतिपती उभा राहून हात हलवत काही सांगू लागला. उपाध्यायांना वाटलं, हाही त्यातलाच. त्यांनी श्रीदामचं गाठोडं सगळ्यांसमोर सोडायला लावलं. दोन धोतरं, तांब्या, मुलीसाठी घेतलेल्या लाखेच्या चार बांगड्या. ताडपत्राचा तुकडाही नव्हता.

"पाठ केलंय सगळं," उपाध्याय म्हणाले. "चोर हुशार असला की मुद्देमाल डोक्यात नेतो. जा. आज सूर्य मावळायच्या आत धरमौलीच्या शिवेबाहेर हो."

श्रीदामने गाठोडं बांधलं, पाया पडला आणि गेला. कुणी जेवलं नाही त्या दिवशी. उपाध्याय मात्र जेवले, आणि दुपारी पडवीत पोथी घेऊन बसले.

धीरा त्यांच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. 'अहो' आणि 'ऐकलं का' यावर सगळं भागलं होतं. तळ्यावर बायका चेष्टा करायच्या, तेव्हाही ती नाव न घेता नुसती लाजायची. ती चार हात अंतरावर उभी राहून म्हणाली, "शुचिकर."

उपाध्याय लिहीत राहिले.

"शुचिकर!" ती मोठ्याने म्हणाली. अंगणातला होरिल लाकडं टाकून उभा राहिला.

तिसऱ्यांदा तिने इतक्या जोरात हाक मारली की गोठ्यातली गाय हंबरली. उपाध्यायांनी लेखणीचं टोक बोटाने पुसलं आणि पुढची ओळ कोरायला घेतली.

मग ती समोर आली, खाली बसली, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "मी तुम्हाला नावाने हाक मारली. तीनदा."

"माझं नाव घेतलंस?" उपाध्याय हादरले. "वेड लागलं का तुला?"

"तुम्हाला ऐकू येत नाही! वर्ष झालं!"

उपाध्यायांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण पाणी काय, कुणाच्याही डोळ्यांत येतं.

"त्याने शिकवलं तुला हे सांगायला," ते म्हणाले. "वादाच्या तोंडावर माझा धीर खचावा म्हणून. किती दिवस चाललंय?"

धीरा उठली. स्वयंपाकघरातून काशाची मोठी थाळी आणि पळी घेऊन आली आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"वाजव," उपाध्याय म्हणाले.

तिचा हात वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला. छपरावरचे पारवे भर्रकन उडाले. होरिलने कानांवर हात ठेवले. धीराचा चेहरा लाल झाला होता, पदर खांद्यावर घसरला होता, आणि हात चालूच होता.

"वाजव ना!" उपाध्याय ओरडले.

 त्यांनी पारव्यांकडे पाहिलं, होरिलच्या हातांकडे पाहिलं. उठून अंगणात आले आणि थाळीवर तळहात ठेवला. थाळी थरथरत होती.

त्या दिवशी धीराने सगळं सांगितलं, कानाशी ओरडून, एकेक वाक्य दोन-तीनदा. पाठशाळेत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनीच आपसात ठरवलं होतं की पोथी पुरी होईपर्यंत, वाद उरकेपर्यंत गुरुजींना कळू द्यायचं नाही. घोळके व्हायचे ते उद्या कुणी काय मोठ्याने म्हणायचं हे ठरवायला. श्रीदामने पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं आणि तोच तिला सांगत होता, बाई, समोरून बोला, तोंडावर उजेड असू द्या, ओठ नीट उघडा. त्या दुपारी ती 'मासा' म्हणायला शिकत होती.

"आणि गाठ? माझी गाठ कोण सोडत होतं?"

"मी! पोथीला कसर लागली होती. कडुलिंबाचा पाला घालत होते. दोनदा सांगितलं तुम्हाला. तुम्ही 'बरं बरं' म्हणालात."

म्हणजे संशय खोटा नव्हता. घरादाराने मिळून त्यांच्यापासून काहीतरी लपवलं होतंच. काय लपवलं, तेवढं चुकलं होतं.

 मग त्यांनी सहावं प्रकरण उघडलं. तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: कान म्हणजे कानाच्या पोकळीतलं आकाशच. आकाश झिजत नाही, मोडत नाही, मरत नाही. तरी माणूस बहिरा होतो, तो त्याच्या अदृष्टामुळे, मागच्या कुठल्यातरी वाईट कर्मामुळे. ही ओळ त्यांनी एका सकाळीत, न अडखळता लिहिली होती.

"मी काय पाप केलं असेल गं?" त्यांनी विचारलं.

"मला कशाला विचारता? माझी यादी मोठी आहे," धीरा कानाशी म्हणाली. मग जरा थांबून, "आज सकाळचं एक धरा."

"ते आजचं. कान गेल्या वर्षी गेले. कारण आधी यावं लागतं." हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा, शिकवतानाचा निघाला.

त्यांनी होरिलला श्रीदामच्या मागे पिटाळलं. होरिल दोन दिवस फिरून आला. श्रीदाम मिळाला नाही.

ज्येष्ठ दशमी आली. वाद टाळावा असं धीराचं मत होतं. उपाध्याय म्हणाले, "टाळला तर लोक कारण शोधतील. शोधणारे काय काय शोधून काढतात ते मला माहीत आहे." रतिपतीने युक्ती काढली. तो गुरुजींच्या समोर धूळपाटी घेऊन बसेल. लोकांना वाटेल वादाची नोंद चालली आहे. भिक्षू जे बोलतील ते तो बोटाने धुळीत लिहील, गुरुजी वाचून उत्तर देतील. कुणाला काही कळायचं नाही.

आमराईत मांडव घातला होता. ठाकूर विडा चघळत बसले होते. मध्यस्थ म्हणून शेजारच्या गावचे एक वृद्ध पंडित होते. पन्नासेक माणसं असतील. भिक्षू उंच, सावळे, शांत चेहऱ्याचे, बरोबर चार शिष्य. आणि त्या चौघांच्या मागे, जमिनीकडे बघत, श्रीदाम बसला होता.

उपाध्यायांनी त्याला ओळखलं. इतके दिवस ज्याच्याकडे मनात क्षमा मागितली, तो तिकडे! भिक्षूंनी मान वळवून श्रीदामला काही विचारलं. श्रीदामने उत्तर दिलं. भिक्षूंनी उपाध्यायांकडे पाहिलं. बस्स, सांगितलं याने. आधी संशय घेतला तोच खरा होता, मधला पश्चात्ताप तेवढा खोटा.

वाद सुरू झाला. भिक्षूंचे ओठ हलू लागले. रतिपती लिहू लागला, पण भिक्षू वाहत्या पाण्यासारखे बोलत होते. बोटाखाली एक ओळ पुरी होण्याआधी तो ती पुसून दुसरी लिहायला घेई. उपाध्यायांच्या हाती तुकडे लागत होते. 'एकच आकाश सर्वत्र', 'तर काशीतलं', 'ऐकू का येत नाही', मग रतिपतीचं बोट थबकलं. त्याने वर पाहिलं आणि नाइलाजाने लिहिलं: 'आणि बहिरा'.

मांडवातले सगळे त्यांच्याकडे बघत होते. किती वेळ झाला होता कोण जाणे. ठाकुरांच्या पुरोहितांनी शेजाऱ्याच्या कानाला तोंड लावलं. उपाध्यायांना त्या क्षणी एकदम दमल्यासारखं वाटलं. प्रत्येक ओठाच्या मागे धावून धावून ते थकले होते.

ते उभे राहिले.

"भदंत, मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. आपण आत्ता काय विचारलंत ते मला अर्धंच कळलं. हा माझा विद्यार्थी नोंद घेत नाही, मला लिहून दाखवतोय. आपला प्रश्न पाटीवर लिहा."

पुरोहित ताडकन उठले. काय बोलले ते रतिपतीने धुळीत उतरवलं: 'ही सोंगाची चाल आहे, वेळ काढायला'. भिक्षूंनाही तसंच वाटलं असावं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते जागेवरून उठले, सावकाश चालत आले, उपाध्यायांना वळसा घालून त्यांच्या पाठीशी जाऊन उभे राहिले.

उपाध्यायांनी वळून पाहिलं नाही. समोर बघत राहिले. समोर रतिपतीचा चेहरा पडला. पुरोहितांचं तोंड उघडं राहिलं. ठाकुरांचा विडा गालात थांबला. पन्नास माणसांच्या नजरा त्यांच्या डोक्यावरून मागे गेल्या.

"आत्ता माझ्या मागे कुणीतरी बोललं," उपाध्याय म्हणाले. "मोठ्याने बोललं, आणि वाईट बोललं. बहुतेक माझ्या आईबद्दल."

भिक्षू पुढे आले. त्यांनी रतिपतीच्या हातातून पाटी घेतली आणि स्वतः लिहिलं: 'मग ऐकू येतं तुम्हाला'.

"नाही. डोंगरावर धूर दिसला की विस्तव कळतो ना? तसं ठाकुरांच्या विड्यावरून कळलं." मांडवात कुणी हसलं असावं, दोन-चार दात दिसले. "भदंत, मी आयुष्यभर शिकवलं की आकाशाला कान जामीन आहे. माझा जामीन पळाला. पण इथे शब्द झाला. मला झाला नाही, तरी झाला. तो माझ्या कानाचा असता तर कानाबरोबर मेला असता. तो ज्याचा आहे, ते अजून आहे."

भिक्षूंनी लिहिलं: 'शब्द आहे हे मी कधी नाकारलं? मालक आहे, एवढंच नाकारतो'. ते पुसून खाली लिहिलं: 'तुमचा कान आकाश असेल, तर आकाश बहिरं कसं झालं?'

हाच तो प्रश्न. सहाव्या प्रकरणात त्याचं उत्तर होतं, आणि ते इथे उभं राहून म्हणायला एक श्वास पुरला असता.

"माझ्या पोथीत लिहिलंय, अदृष्टामुळे. बहिऱ्याने पूर्वी पाप केलं असणार," उपाध्याय म्हणाले. "ते पान लिहिलं तेव्हा मला वाटत होतं, मला ऐकू येतंय. गेले पंधरा दिवस मी ते पाप शोधतोय. पापं सापडली, कमी नाहीत. पण त्यातल्या कुठल्याचा कानाशी काय संबंध, ते मला दाखवता येत नाही. जे दाखवता येत नाही ते दुसऱ्याच्या माथी मारायचं, यासाठी मी विद्यार्थ्यांच्या पाठीत धपाटे घातलेत. तेव्हा ते पान मी मागे घेतो. आकाश बहिरं कसं होतं, मला माहीत नाही."

मध्यस्थांनी पान-सुपारी बाजूला ठेवून निकाल दिला. वादी आपलं म्हणणं भर सभेत सोडतो, म्हणजे हरतो. नियम तसाच होता आणि उपाध्यायांनीच तो अनेकांना लावला होता. भिक्षूंना ठाकुरांनी शाल दिली. त्यांनी ती घेतली, न घेण्याचं कारण नव्हतं. जाताना ते उपाध्यायांसमोर थांबले, पाटीवर लिहिलं: 'मी जे बोललो ते आईबद्दल नव्हतं, पोथीबद्दल होतं'.

"मग जास्तच लागलं असतं," उपाध्याय म्हणाले.

मांडव रिकामा झाला तरी श्रीदाम गेला नव्हता. तो समोर येऊन उभा राहिला, उजेडाकडे तोंड करून. उपाध्यायांनी पाटी पुढे केली.

"तिकडे कसा गेलास?"

'वाटेत भेटले. जेवायला दिलं,' श्रीदामने लिहिलं.

"माझ्या कानाचं सांगितलंस त्यांना?"

'त्यांनी विचारलं, गुरूंनी का काढलं. मी म्हटलं, माझ्या ओठांमुळे.'

"आणि ते ओठ? आवाज न करता काय म्हणतोस?"

श्रीदामने पाटी जवळ ओढली. मग त्याने लिहिलं ते लांब होतं, दोनदा पाटी पुसावी लागली. त्याचे वडील जन्मापासून बहिरे होते. घरात सगळे त्यांच्याशी तसंच बोलत. आवाजाचा उपयोग नव्हता, म्हणून नुसत्या ओठांनी. सवय लागून गेली. तो लहान असताना गावात आलेल्या एका पंडिताने चारचौघांत सांगितलं होतं की हा माणूस पूर्वीच्या पापाने बहिरा आहे. तेव्हापासून वडील कुणाच्या लग्नाला गेले नाहीत, देवळात पुढे उभे राहिले नाहीत. ते शास्त्रात खरंच कुठे आणि कसं लिहिलंय, हे श्रीदामला बघायचं होतं. लोकांनी सांगितलं, धरमौलीला जा.

उपाध्यायांनी वाचलं. खरं असेल का हे? भिक्षूंना खरंच काही सांगितलं नसेल का? तपासायला त्यांच्याकडे आता काहीच साधन नव्हतं. माणसाच्या चेहऱ्याखेरीज काही नव्हतं, आणि चेहऱ्यांनी तर त्यांना वर्षभर फसवलं होतं. की चेहरे खरं बोलत होते आणि फसवलं दुसऱ्याच कुणी? 

"घरी चल," शेवटी ते म्हणाले. "धीराने आज रोहू मासा आणलाय. खरा."

अकरांपैकी सहा विद्यार्थी त्या पावसाळ्यात पाठशाळा सोडून गेले. हरलेल्या गुरूकडे कोण राहतो? ठाकुरांनी अर्धं शेत काढून घेतलं. रतिपती राहिला, होरिल राहिला. श्रीदाम आश्विनापर्यंत राहिला आणि गुरूला ओठ वाचायला शिकवू लागला. गुरू वाईट विद्यार्थी होते, चिडत, पाटी फेकत. 'प' आणि 'ब' एकसारखे दिसतात म्हणून त्यांनी एकदा पूर्ण दिवस अबोला धरला. दोन माणसं बोलताना दिसली की अजूनही त्यांची नजर तिकडे जाई आणि मान ताठ होई. ते काही सुटलं नाही. पण आता ते सरळ जाऊन विचारत, "माझ्याबद्दल चाललंय का?" बहुधा नसे. कधीकधी असे.

श्रीदाम निघाला त्या सकाळी उपाध्यायांनी त्याला ताडपत्राचं एक पान दिलं. सहाव्या प्रकरणाचं, नव्याने लिहिलेलं. त्यावर जुन्या पानाच्या मानाने फारच थोडं लिहिलेलं होतं: काही जण ऐकतात, काही ऐकत नाहीत. याचं कारण मला कळलेलं नाही. ज्याला कळलेलं नाही त्याने बहिऱ्याला पापी म्हणू नये.

"वडिलांना वाचून दाखव," ते म्हणाले. मग चपापले. "कसं दाखवशील?"

श्रीदाम हसला. उजेडाकडे तोंड केलं आणि आवाज न करता, ओठ ताणून, सगळं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं.

उपाध्यायांना त्यातले बरेचसे शब्द कळले.